चंद्रोदय नसलेला उपास

2022 च्या पावसाळ्यात, गरोदरपणाच्या नवव्या आठवड्यात, माझं वजन 52 किलोवरून 48 वर आलं. मुलुंडहून घाटकोपरच्या शाळेत जाताना नाहूर, भांडुप, कांजूरमार्ग अशा स्टेशनांवर वाटेत उतरत, खांब धरून मी ओकायची. पाण्याचा घोटही पोटात ठरत नव्हता.

सासूबाई मायेनंच म्हणायच्या, "सोस गं थोडं. हे तपच असतं बाईचं." बारा वर्षं संकष्टी करणाऱ्या मला ते पटलं. डॉक्टरांनी दिलेली गोळी मी चार दिवस तशीच ठेवली. पाचव्या दिवशी लघवीत कीटोन निघाले आणि सलाइन लावावं लागलं.

त्या खाटेवर पडल्यापडल्या एकच प्रश्न मनात होता: नुसतं सोसणं म्हणजे तप का?

गीतेच्या सतराव्या अध्यायात शरीराला छळणाऱ्या, शास्त्राला सोडून केलेल्या तपाला आसुरी म्हटलं आहे. असा माणूस देहाच्या आत राहणाऱ्या मलाही कष्ट देतो, असं तिथे भगवंत सांगतात. पोटात जीव असताना ते आठवलं आणि अंगावर काटा आला. आपला 'डोहाळे' हा शब्दही 'दौहृद'वरून आला असं मानतात. गर्भिणीला दोन हृदयं असतात, म्हणून तिची इच्छा डावलू नये, हे आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत आहे. चिंच-आवळ्याची इच्छा आपण पुरवतो; मग 'मला बरं वाटू दे' ही इच्छा का डावलायची?

उपास मी स्वतः धरते आणि चंद्र दिसला की सोडते. त्या उलट्या मी धरल्या नव्हत्या आणि त्यांना चंद्रोदय नव्हता.

गोळीची भीती मात्र खोटी नव्हती. 1957 ते 1961 या काळात जर्मनीत थॅलिडोमाइड गरोदर बायकांनाही मळमळीवर दिलं गेलं. त्या औषधामुळे जगभरात दहा हजारांहून जास्त बाळं व्यंग घेऊन जन्मली. मला दिलेली डॉक्सिलामिन आणि ब6 जीवनसत्त्वाची गोळीसुद्धा अमेरिकेत खटल्यांमुळे 1983 मध्ये बाजारातून गेली होती. तिच्यामुळे व्यंग येतं असं सिद्ध झालं नाही आणि 2013 मध्ये तिथे तिला पुन्हा मान्यता मिळाली. मला ती पुरली नाही, तेव्हा ऑन्डान्सेट्रॉन या दुसऱ्या औषधाचा विषय निघाला. 2018 च्या एका मोठ्या अभ्यासात, पहिल्या तीन महिन्यांत ते घेतल्यास दर दहा हजार बाळांमागे ओठ किंवा टाळू दुभंगलेली सुमारे तीन बाळं जास्त आढळली होती. डॉक्टरांनी तो आकडा लपवला नाही. एका पारड्यात ते तीन, दुसऱ्यात पाणीही न ठरणारी मी. मी डोळे उघडे ठेवून गोळी घेतली. श्रद्धा सोडली असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. तिसऱ्या दिवशी पेज पोटात राहिली.

डिसेंबर 2023 मध्ये संशोधकांनी दाखवलं की या उलट्यांमागे जीडीएफ15 नावाच्या संप्रेरकाचा मोठा हात आहे. गर्भाकडून ते आईच्या रक्तात येतं. जिच्या शरीराला आधीपासून त्याची सवय नसते, तिला जास्त त्रास होतो. म्हणजे तो मनाचा खेळ नव्हता, की पूर्वकर्माचं फळही.

लेक आता चालते, बोलते. संकष्टी मी पुन्हा धरली आहे. धाकट्या जावेला दुसरा महिना लागलाय. रोज संध्याकाळी मी तिला फोन करून आधी हेच विचारते, "पाणी ठरतंय ना? लघवीला होतंय ना नीट?" तिनं 'नाही' म्हटलं, तर त्याच पावली तिला दवाखान्यात नेणं हा माझा धर्म आहे.