आकडा आणि आजार

टेस्टोस्टेरॉन वृषणात तयार होते, पण हुकूम मेंदूचा असतो. हायपोथॅलॅमस पिट्यूटरी ग्रंथीला जागे करतो, पिट्यूटरी एलएच हे संप्रेरक सोडून वृषणांना कामाला लावते आणि रक्तातली पातळी पुरेशी झाली की वरून येणारा हुकूम मंदावतो. ही साखळी जिथे खरोखर तुटलेली असते, तिथे उपचारांबद्दल वाद नाही. जन्मतःच एक्स गुणसूत्र जादा असणारा क्लाइनफेल्टर विकार, पिट्यूटरीतली गाठ, केमोथेरपीने निकामी झालेली वृषणे अशा रुग्णांना बाहेरून टेस्टोस्टेरॉन द्यावेच लागते. ते मिळाले नाही तर हाडे ठिसूळ होतात, स्नायू झडतात, कामेच्छा मावळते.

वाद आहे तो पन्नाशीतल्या, ढेरी सुटलेल्या, दुपारी पेंगणाऱ्या पुरुषाबद्दल. वयाबरोबर पातळी हळूहळू उतरते. लठ्ठपणा आणि मधुमेह तिला आणखी खाली खेचतात. अमेरिकेत ही उतरण आजार म्हणून जाहिरातींतून विकली गेली. चाळिशीपुढच्या पुरुषांत हे औषध घेणाऱ्यांचे प्रमाण २००१ ते २०११ या दहा वर्षांत तिपटीहून अधिक झाले. युरोपात मात्र ४० ते ७९ वयाच्या पुरुषांची पाहणी करताना कमी पातळीला लैंगिक लक्षणांचीही जोड असावी अशी अट घातली, तेव्हा तीत बसणारे जेमतेम २.१ टक्के निघाले.

आकडाही तसा लहरीच. अमेरिकी मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेने डेसीलिटरमागे ३०० नॅनोग्रॅमची रेषा आखली आहे. पण पातळी सकाळी सर्वाधिक असते आणि जेवणानंतर घसरते. दुपारी चार वाजता, भरल्या पोटी दिलेल्या रक्ताचा रिपोर्ट निरोगी माणसालाही रुग्ण ठरवू शकतो. म्हणून सकाळी, उपाशीपोटी आणि दोन वेगवेगळ्या दिवशी तपासणी करायची असते. शिवाय लठ्ठ माणसात टेस्टोस्टेरॉन वाहून नेणारे प्रथिन कमी असल्याने एकूण आकडा खाली दिसतो, मुक्त टेस्टोस्टेरॉन मात्र पुरेसे असू शकते. अशा वेळी वजन उतरवणे हाच पहिला उपचार, पण त्याची बाटली मिळत नाही!

थकव्यावर या औषधाचा किती उपयोग होतो? १८८९ मध्ये पॅरिसमध्ये बहात्तर वर्षांचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ ब्राउन-सेकार यांनी कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि तारुण्य परतल्याचे जाहीर केले. अर्क पाण्यात काढलेला होता आणि टेस्टोस्टेरॉन पाण्यात जवळपास विरघळतच नाही. परतले ते विश्वासाच्या बळावर. पुढे २०१६ मध्ये पासष्टीपुढच्या, पातळी खरोखर कमी असलेल्या ७९० पुरुषांवरच्या चाचण्यांचे निष्कर्ष आले. वर्षभर जेल लावून लैंगिक इच्छा व क्षमता काहीशी सुधारली, चैतन्यात मात्र म्हणण्याजोगा फरक पडला नाही. बहुतेक पुरुष दवाखान्यात येतात ते नेमके त्या चैतन्यासाठी.

हृदयविकाराची भीती २०२३ च्या ‘ट्रॅव्हर्स’ चाचणीने बरीच कमी केली. ५,२०० हून अधिक जोखमीच्या पुरुषांत हृदयविकाराचे व पक्षाघाताचे प्रमाण औषधाने वाढले नाही. हृदयाची अनियमित धडधड आणि फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकणे मात्र अधिक आढळले. हाडांची घनता वाढवणाऱ्या या औषधाच्या गटात अस्थिभंगही जास्त निघाले, हे कोडेच आहे. रक्तही दाट होते. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचा वाटा, ५४ टक्क्यांवर गेला की औषध थांबवावे लागते.

तरुणांना सर्वांत कमी सांगितली जाते ती बाब अपत्याची. बाहेरून भरपूर पुरवठा होताच मेंदू वृषणांना हुकूम देणे थांबवतो. वृषणे आकसतात, शुक्रजंतू घटतात, कधी शून्यावर येतात. पुरुषांसाठी गर्भनिरोधक शोधताना जागतिक आरोग्य संघटनेने दर आठवड्याला टेस्टोस्टेरॉनचीच इंजेक्शने देऊन पाहिली होती. मूल हवे असलेल्याने म्हणून हे औषध टाळायचे असते. औषध सोडल्यावर झोपलेली साखळी जागी व्हायला महिने लागतात, कधी वर्षाहून अधिक. त्या काळात माणूस पूर्वीपेक्षाही गळून जातो, औषधावाचून आपले चालत नाही अशी त्याची खात्री पटते आणि तो पुन्हा इंजेक्शनासाठी रांगेत उभा राहतो.