पानी आणि पाणी

पहिलीतल्या मुलाने ‘पानी’ म्हटले तर शिक्षकाने काय करावे? प्रश्न दिसायला शिकवण्याच्या पद्धतीचा आहे, पण आम्हांला तो नीतीचा वाटतो.

मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाचे नाव निघाले की २ जानेवारी १९४३ रोजी तिथे हुतात्मा झालेले भाई कोतवाल आणि हिराजी पाटील आठवतात. त्याच डोंगराच्या आश्रयाने ठाकर, कातकरी, महादेव कोळी यांच्या वाड्या आहेत. तिथले मूल शाळेत येते ते आपली बोली घेऊनच. अशा एका जिल्हा परिषदेच्या शाळेत आम्ही घटकाभर बसलो होतो. एका मुलीने चित्रातल्या विहिरीकडे बोट करून ‘पानी’ म्हटले. बाई ‘चूक’ म्हणाल्या नाहीत. त्यांनी फळ्यावर ‘घरी’ असे लिहून त्याखाली ‘पानी’ लिहिले, आणि शेजारी ‘पुस्तकात’ लिहून त्याखाली ‘पाणी’. मग साऱ्या वर्गाकडून दोन्ही शब्द म्हणवून घेतले.

आमच्या लहानपणी याच शब्दासाठी आम्ही छडी खाल्ली होती. छडीचा वळ गेला, पण वर्गाचे हसणे अजून कानात आहे. मुसलमानाच्या पोराला मराठी कुठून येणार, असा त्या हसण्याचा अर्थ होता. वस्तुतः आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठीच. आमच्या दादीचे ‘पानी’ आणि शेजारच्या आगरी घरातले ‘पानी’ एकच होते. गंमत म्हणजे उर्दू शाळेत जाणाऱ्या आमच्या चुलतभावाचे ‘पानी’ मात्र अगदी बरोबर ठरत असे! दोघेही एकाच माठातले पीत होतो.

मग दुरुस्ती करूच नये काय? असे म्हणणेही आम्हांला पटत नाही. मकतबमध्ये उस्ताद मखरजावर अडून बसत, ते उगीच नव्हे. अरबीत ‘क़ल्ब’ म्हणजे काळीज आणि ‘कल्ब’ म्हणजे कुत्रा. मराठीतही ‘कोण’ हा प्रश्न आहे आणि ‘कोन’ भूमितीतला. ‘मण’ धान्याचा, ‘मन’ माणसाचे. जो शिक्षक दयेपोटी मुलाला पुस्तकाची भाषा शिकवीत नाही, तो त्याला पुढच्या परीक्षेत आणि कचेरीच्या खिडकीपाशी एकटे सोडतो. ही दयाही एक प्रकारची बेइन्साफीच. गरिबाच्या मुलाला प्रमाणभाषा शिकवण्याची दुसरी जागा नसते.

तेव्हा दुरुस्ती हवीच. मात्र पाच-सहा वर्षांच्या मुलाला शब्द आणि तो शब्द देणारी आई वेगळी करता येत नाही. शब्दावर काट मारली की ती आईवर बसते. सूरह रूममध्ये भाषांचे आणि रंगांचे वेगळेपण ही अल्लाहची निशाणी म्हटली आहे. वाजमध्ये हे आपण मान डोलावून ऐकतो, आणि घरी आलेल्या खेड्यातल्या नातेवाइकाच्या बोलीला हसतो. आमच्यातल्या शुद्ध उर्दूच्या अभिमान्यांनी कोकणी मुसलमानांच्या बोलीची थट्टा काही कमी केलेली नाही.

ही वाट नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम उभे केले. तो भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, २०१४ पासून पालघरमध्ये आहे. मुले गुरांमागे जातात म्हणून त्यांनी शाळाच कुरणात नेली. पाने, दगड, शिंपले यांवर शिकवले. मुलाजवळ काय नाही, यापेक्षा काय आहे, तिथून सुरुवात झाली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने छडीला आणि मानसिक छळाला मनाई केली, शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवावे असेही सांगितले. छडी बरीचशी गेली. हसणे मात्र कोणत्या कलमाने थांबवायचे?

निघताना आम्ही बाईंना विचारले, तुम्हांला ही बोली येते? त्या घाटावरच्या, बदलीने इकडे आलेल्या. म्हणाल्या, “नाही हो. ‘घरी’खालचे शब्द मला मुलंच सांगतात. मी चुकले की हसतात.” त्यांच्या टेबलावर एक दोनशेपानी वही होती. मुलांकडून कळलेले शब्द त्या तिच्यात उतरवून ठेवीत होत्या. निम्मी वही भरली होती.