'करीन' आणि 'करील'

स्पॅनिश व्याकरणांतील एका प्रकरणानें आम्हांस नीतिशास्त्राच्या प्रश्नाशीं नेऊन सोडलें. 'हाब्लार' म्हणजे बोलणें. त्यापुढें प्रत्यय लागून 'हाब्लारे' म्हणजे मी बोलेन, 'हाब्लारास' म्हणजे तूं बोलशील, 'हाब्लारा' म्हणजे तो बोलेल, अशीं भविष्यकाळाचीं रूपें होतात. तिन्ही वर्गांतील नियमित धातूंस हेच प्रत्यय. आणि हे प्रत्यय म्हणजे 'जवळ असणें' या अर्थाच्या लॅटिन क्रियापदाचे अवशेष होत! 'मी बोलेन' म्हणजे मुळांत 'बोलणें माझ्याकडे लागलें आहे'.

मग भविष्यकाळ हें भाकीत कीं ऋण? 'पाऊस पडेल' हें चुकलें तर आपणांस कोणी लबाड म्हणत नाहीं. 'मी येईन' असें सांगून न गेल्यास म्हणतात. मराठीनें तर तो 'करील' आणि मी 'करीन' असा भेदच राखिला. हल्लींचीं मुलें 'मी करेल' म्हणतात, तेव्हां तीं स्वतःविषयीं परक्याची बातमी सांगत आहेत असें आम्हांस वाटतें. हा आमच्या वयाचाही दोष असेल.

आमच्या उदगीरच्या लढाईनंतर, १७६० सालीं, पराभूत निजामानें दौलताबाद, अशीरगड, विजापूर, बऱ्हाणपूर मराठ्यांस देण्याचें कबूल केलें. १७६१ च्या जानेवारींत पानिपत झालें. वर्ष सरण्यापूर्वीं निजाम पुण्याच्या रोखानें चालून आला. तलवारीच्या धाकानें वदविलेला 'देईन' हा केवळ उच्चारानें प्रथमपुरुषी असतो, असें म्हणून आम्ही त्यास सोडून देऊं. परंतु मग सावकारापुढें उभ्या राहिलेल्या कुळाच्या 'फेडीन'चें काय? तोही धाकाचाच शब्द; आणि तो कित्येकांनीं जमीन विकून पाळिला.