पाप, तारण आणि ओवी
बायबलच्या दृष्टीने पाप म्हणजे निव्वळ वाईट कृत्य नव्हे; आदामाच्या आज्ञाभंगाने देवाशी तुटलेले नाते. ते माणसाला स्वतः सांधता येत नाही, म्हणून ख्रिस्ताने प्राण ‘खंडणी’ म्हणून दिला, असे मराठी बायबल सांगते. (आज हा शब्द गुंडांच्या वसुलीपुरता उरलाय; इथे अर्थ सुटकेचे मोल.) हे मराठीत सांगताना फादर थॉमस स्टीफन्स यांनी ओवी निवडली. १६१६ साली गोव्यात राशोलला छापलेल्या त्यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’त स्वर्ग चक्क वैकुंठ होतो. बायबल मराठीत सांगण्याची हीच वाट पुढे चालणारे, पालघर जिल्ह्यातल्या वसईतले ‘सुबोध बायबल’कार फादर फ्रान्सिस दिब्रिटो निसर्ग राखण्यासाठीच्या ‘हरित वसई’ चळवळीतही उतरले. बायबलमधली, आदामाची एदेनची बागही माणसाकडे मशागतीसाठी, राखणीसाठीच सोपवलेली होती.