कोडें सुटलें, पुस्तक राहिलें

सकाळच्या चहाबरोबर वर्तमानपत्रांतील शब्दकोडें सोडविण्याचा छंद मला गेलीं वीस वर्षें आहे. छंद निरुपद्रवी आहे असें माझे स्नेही म्हणतात, आणि मीहि तसेंच समजत होतों. परंतु मध्यंतरीं एक प्रसंग असा घडला कीं, या निरुपद्रवी छंदानेंच माझ्यापुढें एक नैतिक प्रश्न उभा केला. तो असा : ज्याचें उत्तर बरोबर आलें, त्याला तें उत्तर कळलें, असें समजावयाचें काय ?

शब्दकोडें तसें अर्वाचीनच. न्यू यॉर्कच्या ‘वर्ल्ड’ पत्रांत आर्थर विन यानें पहिलें कोडें छापलें तें २१ डिसेंबर १९१३ रोजीं. लंडनच्या ‘टाइम्स’नें त्याला जागा दिली ती १ फेब्रुवारी १९३० पासून. इंग्लंडांत त्याला साहित्याचा रंग चढला. ‘ऑब्झर्व्हर’मध्यें टॉर्केमादा या टोपणनांवानें कोडीं रचणारा एडवर्ड पॉइस मॅदर्स हा बिल्हणाच्या ‘चौरपंचाशिके’चें इंग्रजींत स्वैर रूपांतर करणारा रसिक होता. काव्यपंक्तींतील गाळलेला शब्द, नाटकांतील एखादें पात्र, कादंबरीचें नांव हीं अशा कोड्यांचीं आवडतीं स्थानें. आपल्याकडेहि ही हौस नवी नव्हे. दंडीनें ‘काव्यादर्शां’त प्रहेलिकेचे सोळा प्रकार सांगितले आहेत, आणि चौसष्ट कलांत समस्यापूर्तीची गणना आहे. भेद इतकाच कीं, समस्यापूर्ति करणाराला उरलेला श्लोक स्वतः रचावा लागे. आम्हांला अक्षर जुळलें कीं पुरे.

मी सोडवितों त्या इंग्रजी कोड्याचा भर साहित्यावर असतो. एके दिवशीं त्यांत संकेत होता : जॉर्ज एलियटची कादंबरी, इंग्रजी अकरा अक्षरें. उभ्या शब्दांतून चार अक्षरें आधींच हातीं आलीं होतीं. मीं ‘मिडलमार्च’ लिहून टाकलें. कादंबरी १८७१-७२ सालची, लेखिकेचें खरें नांव मेरी ॲन एव्हान्स, नायिका डोरोथिया, हें सारें मला पाठ होतें. इंग्रजी शिकविण्यांत हयात घालविलेल्या मनुष्यानें फक्त ती कादंबरी वाचलेली नव्हती.

त्याच आठवड्यांत तास संपल्यावर एका विद्यार्थ्यानें विचारलें, “सर, ‘मिडलमार्च’चा शेवट आपणांस पटतो का ?” मी म्हणालों, “शेवट मोठा सूचक आहे.” हें वाक्य जगांतील कोणत्याहि कादंबरीस लागू पडतें. त्यानें मात्र तें आदरानें वहींत उतरून घेतलें, आणि त्या क्षणीं मला लाज वाटली. माझ्या पत्रांतील रिकामा चौकोन मीं आतां दुसऱ्याच्या वहींत भरला होता.

बाराव्या शतकांतील श्रीहर्षानें ‘खंडनखंडखाद्यां’त या प्रश्नाच्या मुळालाच हात घातला आहे. एकानें मुठींत कवड्या धरून ‘किती ?’ म्हणून विचारावें, दुसऱ्यानें सहज ‘पांच’ म्हणावें, आणि मूठ उघडतां कवड्या खरोखरच पांच निघाव्या. उत्तर खरें, पण त्याला ज्ञान म्हणावें काय? काकतालीय न्यायानें जुळलेलें सत्य तें जुळविणाराचें नव्हे. कोडें सोडविणारा याहून थोडा बरा, कारण तो उभ्या शब्दांच्या आधारानें अनुमान करतो. परंतु त्याचें अनुमान नांवापुरतें. कृतीपर्यंत तें पोंचत नाहीं.

यावर कोणी म्हणेल, यांत बिघडलें काय ? प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादांत सॉक्रेटिसच सांगतो कीं, लारिसाच्या रस्त्यानें स्वतः न गेलेला मनुष्यहि योग्य समजुतीच्या बळावर इतरांना तेथवर नेऊं शकतो. व्यवहारांत हें मला मान्य आहे. वैद्यानें योग्य औषध सांगितलें कीं रोग्याचें काम झालें. तें त्यानें स्वतः चाखलें होतें काय, हें कोणी विचारीत नाहीं. परंतु साहित्यांत गांव रस्त्याच्या टोकाशीं नसतें. रस्ता हेंच गांव असतें. जो चाललाच नाहीं तो पोंचला असें म्हणतांच येत नाहीं, मग दुसऱ्याला नेणें दूरच राहिलें.

त्या सुटींत मीं ती कादंबरी वाचली. तींत कॅसॉबन नांवाचा एक पंडित आहे. सर्व पुराणकथांची एकच गुरुकिल्ली शोधण्यासाठीं तो वर्षानुवर्षें टिपणें गोळा करतो, आणि ग्रंथ अपुरा टाकून मरतो. ज्या तरुण पत्नीनें त्याच्या विद्वत्तेवर विश्वास टाकला, तिच्या वांट्याला केवळ टिपणांचे ढीग येतात. तीं प्रकरणें वाचतांना मला स्वतःचीच ओळख पटली. अकरा अक्षरांच्या त्या नांवांत ही ओळख कोठेंहि लिहिलेली नव्हती.

पुढें त्या विद्यार्थ्याला बोलावून मीं सांगितलें कीं, त्या दिवशीं मी पुस्तक न वाचतां बोललों होतों. तो क्षणभर गप्प राहिला, मग म्हणाला, “सर, मीहि शेवटापर्यंत पोंचलों नव्हतों. म्हणून तर विचारलें.”

कोडें मी अजून सोडवितों. त्यांतील आनंद खरा आहे. तो टाकण्याचें कारण मला दिसत नाहीं. मात्र न वाचलेल्या पुस्तकाचें नांव लिहितांना त्याच्या पहिल्या चौकोनांत पेन्सिलीनें एक टिंब देतों. टिंबांची संख्या अजून लाजिरवाणी आहे; पण आतां ती मला ठाऊक आहे.