चार अंशांचा पाऊस

नेदरलँड्समध्ये पहिला हिवाळा काढायला आलेल्या आपल्या मंडळींना धास्ती असते ती बर्फाची. खरा छळ करतो तो चार-पाच अंशांवरचा पाऊस. कोरडी थंडी दोन स्वेटरांत निभावते. पाणी मात्र अंगातली ऊब हवेपेक्षा कितीतरी पट वेगाने ओढून घेतं. ओली जीन मांडीला चिकटली आणि समुद्रावरचा वारा समोरून आला की दहा मिनिटांत ब्रेक दाबायला बोटं वळेनाशी होतात. लोणावळ्याच्या पावसात भिजून टपरीवरच्या चहाने ताजातवाना झालेला माणूस त्याच हिमतीवर इथे निघतो आणि हुडहुडी भरून परततो. आपला पाऊस उबदार असतो, हे तोवर त्याच्या गावीही नसतं.

पावसाला भ्यायला आपण काही साखरेचे नाही, असं इथले लोक म्हणतात. ऐकायला मोठं बेफिकीर वाटतं, पण म्हणणाऱ्याची सायकल जरा वाकून बघावी. दोन्ही चाकांवर लांब मडगार्ड. चेन पुढून मागून बंद डब्यात, म्हणजे चिखल आत नाही आणि काळं तेल पँटला नाही. उलटं पॅडल मारलं की लागणारा ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये बसवलेला. रिमला घासणारे ब्रेक ओले झाले की आधी पाणी पुसतात आणि मग धरतात. हबमधल्या ब्रेकला ती अडचणच नाही. कित्येकांचा दिवा पुढच्या हबमधल्या डायनॅमोवर चालतो. सायकल घडवणाऱ्याने वर्षातला सगळ्यांत वाईट दिवस डोळ्यांपुढे ठेवलेला असतो, म्हणून तर मालकाला बेफिकीर राहणं परवडतं. दुकानात आपल्याला भुरळ घालणारी ती सडपातळ, बिनमडगार्डची सायकल मात्र उन्हाळ्यातल्या रविवारचीच.

तशी सायकल घेतलीच असेल, तर वाईट दिवसाची ही तयारी आदल्या रात्री आपल्याला करावी लागते. डिसेंबरात ॲमस्टरडॅमला सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि साडेचारला मावळतो. जाता-येता दोन्ही वेळा अंधार, त्यामुळे दिवे चार्ज केलेले हवेत. पुढे पांढरा किंवा पिवळा, मागे लाल, नसेल तर दंड. रस्त्यावर टाकलेलं मीठ चेन खातं. ती फडक्याने पुसावी, आतल्या बाजूने तेलाचे थेंब सोडत पॅडल उलटं फिरवावं आणि वर आलेलं तेल पुन्हा पुसून काढावं. हे शेवटचं पुसणं सगळे टाळतात आणि त्या चिकट तेलावरच वाळू बसते. टायरमध्ये हवा नेहमीपेक्षा किंचित कमी.

कपड्यांचं गणित उलटं असतं. बंद रेनकोटच्या आत घामानेही माणूस तितकाच भिजतो. म्हणून एक स्वेटर कमी घालावा, दारातून निघताना थोडं कुडकुडावं. आणि हातमोज्यांचे दोन जोड न्यावेत. सकाळी भिजलेले मोजे ऑफिसच्या रेडिएटरवर ठेवले तरी संध्याकाळी अंगठ्यापाशी ओलेच लागतात, आणि ओल्या मोज्यात हात घालण्याइतकं निरुत्साह आणणारं काम दुसरं नाही.

ट्रामच्या रुळांवर मात्र यातलं काहीच कामाला येत नाही. ओल्या रुळावरून चाक शक्य तितकं काटकोनात काढायचं, वळताना झेब्राचे पांढरे पट्टे आणि सडलेली पानं चुकवायची. त्यासाठी वेग कमी हवा आणि हाताशी वेळ हवा. उशीर झालेला माणूस रूळ तिरकाच ओलांडतो. म्हणून नोव्हेंबरपासून आमच्याकडे गजर दहा मिनिटं आधी लावलेला असतो. नवऱ्याला हे मुळीच मंजूर नाही. तो हिवाळाभर बसनेच जातो, आणि तिथेही स्टॉपवर भिजतोच.