कंपनीचं सोवळं

फुटबॉल आभाळातून पडत नाही. बत्तीस तुकडे, सहाशेच्या वर टाके आणि दोन सुया ओढणारे दोन हात, तेव्हा चेंडू होतो. पाकिस्तानातल्या सियालकोटात हे काम पिढ्यान्‌पिढ्या चाललंय. १९९६ साली अमेरिकेच्या ‘लाइफ’ मासिकानं तिथल्या एका पोराचा फोटो छापला. बारा वर्षांचं पोर चेंडू शिवतंय, चेंडूवर नायकेची खूण. जगभर बोंब उठली.

१९९७ च्या फेब्रुवारीत अटलांटात करार झाला. सियालकोटचे कारखानदार, आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि युनिसेफ यांनी सह्या केल्या. शिलाई घरांतून काढून केंद्रांत न्यायची, लहान पोराच्या हाती सुई द्यायची नाही. पोरांच्या हातची सुई गेली हे चांगलंच झालं, त्यात वाद नाही. पण घरात बसून शिवणाऱ्या कितीतरी बायांना केंद्रावर जाणं जमेना. त्यांचं काम बुडालं. पुढं २००६ साली घरोघरी चोरून शिलाई चालते म्हणून नायकेनं तिथल्या आपल्या मोठ्या पुरवठादाराशी संबंधच तोडले. हजारो मजूर बसले घरी. कंपनी स्वच्छ झाली.

सियालकोटचं आपल्याला काय, असं विचाराल. १९४७ ला फाळणी झाली तेव्हा या धंद्यातले कारागीर तिथून जालंधरला आले. तिथं चेंडू शिवणाऱ्यांत मोठा भरणा दलितांचा. चामड्याला हात लावणारा बाटलेला, चामड्याचा चेंडू मात्र सगळ्यांच्या मैदानात! आता चामडं जाऊन कृत्रिम कापड आलं. हात तेच राहिले.

आणि मित्रांनो, हे असलं स्वच्छ होणं आपल्याला नवं नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि हजारो माणसं महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्याली. मग सनातन्यांनी काय केलं? तळं बाटलं म्हणून १०८ घागरी पाणी उपसलं, त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही कालवलं, मंत्र म्हटले आणि परत ओतलं. तळं शुद्ध झालं. तहानलेला माणूस होता तिथंच राहिला. सोवळ्याला विटाळ तेवढा दिसतो. पोराच्या भुकेनं कंपनी बाटत नाही, पोराच्या फोटोनं बाटते.

१९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये बाबासाहेबांनी नियम आणि तत्त्व यांतला फरक सांगितलाय. नियम म्हणजे ठरलेल्या रीतीनं वागायची सवय. तत्त्व म्हणजे बरंवाईट पारखायची कसोटी. तत्त्वानं वागणारा चुकेल, पण आपल्या कृत्याची जबाबदारी घेईल. नियमवाल्याला जबाबदारीच नको असते. रकाना भरला, सुटला.

नायकेची आचारसंहिता १९९२ सालची. नियम भरपूर. तरी १९९७ साली व्हिएतनाममधल्या एका बूट-कारखान्याचा अहवाल बाहेर फुटला. कंपनीनंच पैसे मोजून केलेली तपासणी होती ती. गोंदातल्या टोल्युईनची वाफ काही भागांत कायद्याच्या मर्यादेच्या १७७ पट. श्वासाचे आजार घेऊन माणसं बूट चिकटवत होती. तपासणी झाली होती, कागद तयार होता, आणि तो कपाटात होता. बोभाटा झाल्यावर, १९९८ साली, कंपनीनं हवा सुधारण्याची आणि मजुरांचं किमान वय वाढवण्याची घोषणा केली. म्हणजे करता येत होतं. मग आधी का नाही केलं?

आता कुणी शहाणा सांगेल, असले बूट वापरू नका. हे सांगणं त्याला सोपं आहे, ज्याच्या बापजाद्यांच्या पायात कायम वहाण होती. आपल्या माणसानं पायताण हातात घेऊन वरच्या आळीतून जायचं, असा जिथं रिवाज होता, तिथं पायात बूट घालणं हेच बंड होतं. बाबासाहेब सुटाबुटात राहिले ते उगाच नाही. बूट आपण घालणारच. पण ज्या बुटानं माझी मान ताठ होते, त्याच बुटासाठी दुसऱ्याची छाती पोखरली जात असेल, तर माझं ताठ चालणं उसनं आहे. बूट फेकून ते फिटत नाही. ते माझं सोवळं झालं, बस्स!

मग फिटतं कशानं? ७ नोव्हेंबर १९३८ ला मुंबईत औद्योगिक कलहाच्या विधेयकाविरुद्ध संप झाला. स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र उतरले. संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याचाच हक्क, ही बाबासाहेबांची भूमिका होती. मालकाच्या दयेवर त्यांनी कधी भिस्त ठेवली नाही. २०११ साली इंडोनेशियात युनियनवाल्यांनी नायके, आदिदास, प्युमा आणि त्यांच्या कारखानदारांना टेबलाशी बसवलं आणि संघटना बांधण्याच्या हक्काचा करार करून घेतला. मजुरीचा प्रश्न त्यात सुटला नाही. पण तो कागद मजुरांनी भांडून मिळवलेला, वरून टाकलेला तुकडा नव्हे.

तेव्हा बूट हातात घेताना कंपनी शुद्ध आहे का, हे विचारू नका. तो धंदा भटाचा. विचारायचं एवढंच: हा ज्यानं शिवला, त्याला मधेच हात थांबवून ‘नाही’ म्हणता येतं का? येत नसेल तर त्याच्या ‘नाही’मागं आपण उभं राहायचं. बूट घालूनच.